रविवारी टेम्पो घेऊन येतो

सासूबाईंची शिलाई मशीन विकायला काढली तेव्हा घरात आधी वाद झाला तो किमतीवरून नाही, फोटोवरून. मशीन पायाची, काळी, अंगावरची सोनेरी वेलबुट्टी अर्धी उडालेली, खाली बिडाचं स्टँड. फोटो चांगला यायचा तर ती खिडकीशी ओढायला हवी आणि ओढायची तर दोन माणसं हवीत. दाजी पेठेतल्या जुन्या घरातून आम्ही जुळे सोलापूरला या फ्लॅटमध्ये आलो त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून ती बाल्कनीच्या दाराशी उभी होती आणि आम्ही तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवत होतो. सासूबाईंचे गुडघे गेलेले. "आठवण म्हणून ठेवायचं काही कारण नाही," असं त्यांनीच सांगून टाकलं, "अजून मी आहे की."

मुलाने पुण्याहून फोनवर सांगत सांगत माझ्याकडून ॲप उतरवून घेतलं. फोटो टाकला, किंमत लिहिली साडेतीन हजार आणि पहिल्या तासात अकरा मेसेज आले.

या मेसेजांची भाषा निराळीच असते. "लास्ट किती?" हा तिथला रामराम. "है क्या?" "फायनल बोला." एकाने नुसता अंगठा पाठवला. एकाने लिहिलं, "१२००". मागे मॅडम नाही, पुढे रुपये नाहीत. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. एकक न लिहिलेले आकडे उत्तरपत्रिकांत पुष्कळ बघितले, पण तिथे निदान अर्धा मार्क कापता यायचा.

त्या गर्दीत बाळ्याकडचे एक गृहस्थ मात्र नीट बोलले. मेसेज नाही, सरळ फोन केला. ते तीन हजारांवर आले, मी बत्तीसशेवर थांबले, तेव्हा ते म्हणाले, "ठीकाय की मॅडम, पक्कं समजा. रविवारी टेम्पो घेऊन येतो. कुणाला देऊ नका बरं का." मी कुणाला दिली नाही. शनिवारी दुपारी अक्कलकोट रोडकडून एका बाईंचा फोन आला. मुलीसाठी हवी होती, पूर्ण साडेतीन हजार द्यायला तयार, लगेच न्यायला तयार. मी त्यांना म्हटलं, शब्द दिलाय हो एकांना. हे सांगताना मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं, ते लपवत नाही.

रविवारी सकाळी मशीन पुसली, तेल घातलं, पट्टा चढवला. अकरा वाजले, एक वाजला, चार वाजले. फोन आधी नुसता वाजत होता, नंतर बंदच लागायला लागला. सोमवारी मी त्या अक्कलकोट रोडच्या बाईंना फोन केला. "आता घेतली की ओ मी दुसरी," त्या म्हणाल्या. "तुमीच नको म्हणलात."

सासूबाई समोर बसून शेंगा फोडत होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, "विसार घेतला होतास का?"

"नाही."

"मग त्यानं शब्द मोडला कसा? दिलाच कुठं होता?"

विसार हा शब्द मला माहीत होता तो जमिनीच्या कागदांतून. विसारपावती, साठेखत वगैरे. कुठे त्याला इसार म्हणतात, कुठे बयाणा. सासूबाईंना मात्र तो कागदावरून माहीत झालेला नाही. त्या सांगोल्याकडच्या. त्यांचे वडील खिलार बैलांची खरेदी-विक्री करायचे. हेडी नव्हेत, हे त्या दर वेळी बजावतात, कारण हेडी म्हणजे दलाल आणि "आमचे अण्णा स्वतःच्या पैशानं घ्यायचे". संक्रांतीच्या सुमाराला सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे आमचा गड्डा, भरतो तेव्हा विजापूर रोडला रेवणसिद्धेश्वराच्या देवळाजवळ जनावरांचा बाजारही भरतो. लहानपणी त्या एकदा अण्णांबरोबर तिथे आल्या होत्या. भाव तोंडाने करायचा नाही. दोघांचे हात एका रुमालाखाली, बोटं धरून आकडा सांगायचा. वर दोन्ही चेहरे असे, की दोघं पावसापाण्याचं बोलताहेत. भाव जमला की अण्णा रुमाल झटकून खांद्यावर टाकायचे, बंडीच्या खिशातून दहाची नोट काढून समोरच्याच्या हातावर ठेवायचे आणि बैलाच्या पाठीवर गुलाल पडायचा. गुलाल पडला की बैल विकला. मागून कुणी शंभर रुपये जास्त घेऊन आला तरी मालक म्हणणार, विसार घेतलाय.

"आणि अण्णा न्यायला गेलेच नाहीत तर?"

"तर दहा रुपये गेले."

"आणि मालकानं बैल दुसऱ्यालाच दिला तर?"

आता त्यांनी वर बघितलं. "तर वीस परत द्यायचे. आणि पुढच्या गड्ड्याला कुठल्या तोंडानं यायचं ते बघायचं."

वीस परत द्यायचा हा भाग मी तेव्हा ऐकला आणि सोडून दिला. माझ्या डोळ्यांपुढे फक्त तो न आलेला टेम्पो होता.

गड्ड्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. यात्रेतला अक्षता सोहळा जिथे होतो त्या जागेचं नाव संमती कट्टा. सातही नंदीध्वज येऊन उभे राहतात, संमती वाचली जाते आणि "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" या गजरात लाखो हातांतून अक्षता पडतात. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो. बाराव्या शतकातल्या योग्याच्या नावाने दर जानेवारीत. या गावात होकारासाठी बांधलेला एक कट्टा आहे याची मला लहानपणापासून गंमत वाटत आली आहे. होकार म्हणजे मोठ्याने वाचून दाखवायची, साक्षीला गाव उभा करायची गोष्ट. फोनवरच्या "पक्कं समजा"ला साक्षीदार कोण होतं? मी आणि मशीन.

कायदाही बराचसा सासूबाईंच्याच बाजूचा निघाला. खालच्या मजल्यावर एक वकील राहतात. लिफ्टसाठी थांबलो असताना त्यांना गाऱ्हाणं सांगितलं, तर त्यांनी लिफ्ट जाऊ दिली. १८७२ च्या करार कायद्याचं पाचवं कलम म्हणतं, समोरच्याचा होकार रवाना होईपर्यंत देऊ केलेला प्रस्ताव मागे घेता येतो. त्याने तर होकार दिला होता, म्हणजे सौदा झाला होता, पण बत्तीसशे रुपयांसाठी तुम्ही कोर्टात जाणार आहात का? नाही ना. आणि समजा तो म्हणाला असता, विचार करून रविवारी सांगतो, तोवर ठेवा, आणि तुम्ही नुसतंच "ठेवते" म्हणाला असता, तर तेही तुम्हाला बांधत नाही, कारण त्याचा मोबदला तुम्ही घेतला नाही. पंचविसावं कलम. लिलावात तर माणूस हातोडा पडेपर्यंत बोली परत घेऊ शकतो, हे १९३० च्या मालविक्री कायद्यात लिहिलेलंच आहे. एवढं सांगून ते जिन्याने वर गेले.

१९३० म्हटलं की सोलापूरकराला मार्शल लॉ आठवतो. त्या वर्षीचा मे महिना, आणि पुढे जानेवारी १९३१ मध्ये येरवड्याला फाशी गेलेले आपले चार हुतात्मे. त्याच साली दिल्लीत कुणीतरी बसून लिलावातल्या हातोड्याचा विचार करत होतं, हे मला ठाऊक नव्हतं. आता तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा फोन नंबरही आहे आणि त्याचीही वेळ माझ्यावर येता येता राहिली. मशीनची जाहिरात पुन्हा टाकल्यावर एक "फौजी साहेब" आले. मशीन न बघता पसंत, भाव न करता कबूल, वर पैसे आधीच देणार. "मी क्यूआर पाठवतो, तुम्ही स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." पैसे घ्यायला पिन लागत नसतो. पिन लागतो तो द्यायला. हे मला माहीत होतं, ते मुलाने फ्रीजवर चिकटवलेल्या चिठ्ठीमुळे. अनोळखी माणसाने दुसऱ्याकडे यूपीआयवरून पैशाची मागणी पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, ते बरंच झालं. पण क्यूआरचं चित्र पाठवायला कोण अडवणार? एवढं मात्र मनात राहिलं, की ज्याने खरंच यायचं होतं त्याने एक रुपया आधी दिला नाही आणि ज्याला लुटायचं होतं तो आधी द्यायला उतावीळ होता.

आता माझी बाजू. म्हणजे मी मशीन विकणारी नव्हे, मी घेणारी.

मला जुन्या छायाचित्रांच्या पोस्टकार्डांचा नाद आहे. इंग्रजांच्या काळात गावोगावच्या किल्ल्या-देवळांची कार्डं छापली जायची. पलटणीतले गोरे ती घरी पाठवायचे, आणि आता त्यांच्या नातवंडांनी माळे साफ केले की ती परदेशी साइटवर विकायला येतात. विजापूरची ढिगाने मिळतात, गोल घुमटाचा तर कंटाळा येतो. सोलापूरचं एखादंच. त्यावर "शोलापूर" असं जुन्या वळणाचं स्पेलिंग असतं, भुईकोट किल्ल्याचा बुरूज असतो नाही तर तळं. अशा साइटवर किमतीखाली एक बटण असतं, ऑफर द्या. मांडलेल्या किमतीपेक्षा कमी आकडा लिहायचा आणि पाठवायचा. विकणारा हो म्हणतो, नाही म्हणतो किंवा मधला आकडा सांगतो.

दुपारच्या चहाबरोबर मी तीन-तीन ठिकाणी ऑफरी टाकायची. बुरुजाची कार्डं तीन जणांकडे असतील तर तिघांना निम्म्या किमतीत. जो आधी हो म्हणेल त्याचं घ्यायचं, उरलेल्यांचं बघू. दोन वेळा असं झालं की दोघं एकदम हो म्हणाले आणि मी एकाचेच पैसे भरले. दुसऱ्याचं काय झालं? चार दिवस वाट बघून पैसे आले नाहीत तर विकणाऱ्याला सौदा रद्द करता येतो, एवढंच. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी (म्हाताऱ्या हे मी अक्षरावरून ठरवलं, आणि अक्षर तर कॉम्प्युटरचं होतं) मला विचारलं होतं, तुम्हाला हे कार्ड अजून हवंय ना, मी बाजूला काढून ठेवलंय. मी उत्तर दिलं नाही. संकोच वाटला, आणि मग विसरून गेले.

सोमवारी मशीनकडे बघत बसले असताना मला त्या बाई आठवल्या. बाळ्याच्या गृहस्थांना मी दोन दिवस मनातल्या मनात जे जे म्हटलं होतं ते सगळं इंग्लंडातल्या कुठल्यातरी घरात माझ्याबद्दल म्हटलं गेलं असणार. टेम्पो माझाही आला नव्हता.

मग एकदा त्या साइटवर गेले तर बटण तेच, पण दाबल्यावर आधी कार्डाचा नंबर मागितला, पत्ता मागितला. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, विकणाऱ्याने ऑफर मान्य केली की पैसे आपोआप कापले जातील. काही साइटींवर याच्याही पुढची पायरी आहे, ऑफर पाठवतानाच रक्कम अडकवून ठेवतात. माझा पहिला विचार स्वच्छ होता, हा काय चावटपणा. अजून त्याने हो म्हटलं नाही आणि मी पाकीट उघडायचं?

पण त्या दिवशी मी तीन ऑफरी टाकल्या नाहीत. एकच टाकली, आणि ती कोणती हे ठरवायला मला दोन दिवस लागले. तिन्ही कार्डं मोठी करून बघितली. एकावर टपालाचा शिक्का बुरुजावरच पडलेला, एकाचा कोपरा दुमडलेला. आधी मी हे बघतच नव्हते. आकडाही निम्मा टाकला नाही. तो कापला जाणारच आहे म्हटल्यावर, आपल्याला ते कार्ड खरोखर कितीचं वाटतं, हा प्रश्न मी स्वतःला पहिल्यांदा विचारला.

रात्री सव्वादोनला फोन टिंगला. पैसे गेल्याचा मेसेज. ओटीपी नाही, काही नाही. आपल्याकडे २००९ पासून ऑनलाइन कार्डाला दुसऱ्या खातरजमेचा नियम आहे, त्यामुळे ओटीपी टाकला म्हणजे आपण खरंच हो म्हटलं अशी सवय अंगात मुरली आहे. परदेशी साइटी सहसा तो मागत नाहीत. मी झोपेत होते आणि माझ्या वतीने माझाच चार वाजताचा होकार जागा होता. उठून पाणी प्याले. नवरा म्हणाला, काय झालं? म्हटलं, बुरूज घेतला.

या बाजारांची सुरुवात झाली तेव्हा एवढा बंदोबस्त नव्हता. १९९५ मध्ये ईबे सुरू झालं तेव्हा तिथे पहिली वस्तू विकली गेली ती एक मोडका लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. मोडका आहे हे घेणाऱ्याला माहीत होतं, त्याला मोडकेच हवे होते. त्या काळी लोक पैसे टपालाने चेक पाठवून भरायचे, म्हणजे सौदा ठरल्यावर विकणाऱ्याने पोस्टमनची वाट बघायची. पुढे २००४ मध्ये त्यांनी आपल्याकडची बाझी डॉट कॉम विकत घेतली, आणि आमच्या शिक्षक-खोलीत एका सरांनी तिथून घेतलेलं घड्याळ आठवडाभर सगळ्यांच्या मनगटांवरून फिरलं होतं. असो.

तर विकणारी म्हणून मला हा नियम शंभर टक्के पटतो. घेणारी म्हणूनही त्याने मला सरळ केलं, हे मान्य. पण एक गोष्ट खुपते, आणि ती नुसती माझ्या सवयीची नाही.

अण्णांनी दहाची नोट कधी दिली? भाव जमल्यावर. रुमालाखाली दोघांची बोटं एकाच आकड्यावर थांबल्यावर. आधी हो, मग पैसे. ऑफरीच्या बटणात ते उलटं आहे. पैसे आधी अडकतात आणि हो नंतर येतं, किंवा येतच नाही. माझी ऑफर तिथे पडून असेपर्यंत मी बांधलेली, मागे घ्यायची तर कारण द्या. विकणारा मोकळा. त्याने दोन दिवस उत्तर देऊ नये, मधल्या वेळात दुसऱ्याला विकावं, माझा आकडा दाखवून तिसऱ्याकडून जास्त काढावेत. त्याचं काही जात नाही. याला विसार म्हणायचं? ही अनामत झाली. लोकसभेला उभं राहायचं तर पंचवीस हजार भरा, विधानसभेला दहा हजार, आणि वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर ते जप्त. उमेदवाराने गंभीर असावं म्हणून ती रक्कम. मतदाराने त्याला काहीच कबूल केलेलं नसतं.

वकील पुन्हा लिफ्टपाशी भेटले तेव्हा मी हा माझा शोध त्यांना ऐकवला. त्यांनी शांतपणे सांगितलं, तो शोध सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्येच लावलाय. एका कापड गिरणीने (सोलापूरच्या नव्हे, हे मी आधी विचारून घेतलं) विमानांचं भंगार दहा लाखांना घ्यायचं ठरवलं होतं, अडीच लाख आगाऊ भरले आणि नंतर बाकीचे दिले नाहीत. ते अडीच लाख जप्त झाले. गिरणी कोर्टात गेली आणि हरली. त्या निकालात विसाराची लक्षणं एकेक करून सांगितली आहेत, आणि पहिलंच लक्षण असं, की विसार करार ठरतो त्याच क्षणी दिलेला असला पाहिजे. व्यवहार पुरा झाला तर तो किमतीत धरायचा, घेणाऱ्याच्या चुकीने फिसकटला तर गेला. मला एकदम अण्णांची बंडी दिसली.

मग आधी पैसे मागूच नयेत का? मागावेत, पण घेऊ नयेत. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण आमच्या घरात ते महिन्या-दोन महिन्यांनी चालतं. नवऱ्याला निवृत्तीनंतर आयपीओचा, म्हणजे कंपन्या पहिल्यांदा शेअर विकायला काढतात त्यांना अर्ज करायचा, छंद लागलाय. पूर्वी अर्जासोबत चेक जोडायचा, तो वटायचा, आणि शेअर मिळाले नाहीत तर परताव्याची वाट बघत बसायचं. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २००८ मध्ये वेगळी रीत आणली. पैसे आपल्याच खात्यात राहतात, फक्त तेवढी रक्कम गोठवली जाते. शेअर लागले तर कापले जातात, नाही लागले तर मोकळे होतात, आणि तोवरचं व्याज आपलं. २०१६ पासून सगळ्यांना तेच सक्तीचं झालं, २०१९ पासून यूपीआयवरूनही करता येतं. पैसा घरातच, नुसती कडी लावलेली. ऑफर देणाऱ्याला अशी कडी लावा की खुशाल, पण मग तेवढे तास विकणाऱ्याच्या वस्तूलाही कडी लावा. ऑफर आली की ती वस्तू दुसऱ्याला विकता येऊ नये, आणि उत्तर द्यायला एक दिवस पुरे.

हे होणार नाही, मला माहीत आहे. बाजारात आधी कोण ठेवतो यावरून तिथे जोर कुणाचा ते कळतं. आपल्या मार्केट यार्डात शेतकरी कांदा आधी ओततो, मग व्यापारी तोंडाने बोली लावतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याची पट्टी दोन रुपयांची मिळाली, हमाली-तोलाई-भाडं वजा जाऊन, आणि त्या दोन रुपयांचाही चेक पुढच्या तारखेचा. साऱ्या देशाने तो चेक बघितला. तिथे बोली लावणाऱ्याने एक रुपया आधी ठेवला नव्हता. नियमाची मागणी मात्र आपण कुणाकडे करतो? पोस्टकार्ड घेणारीकडे.

माझा मावसभाऊ चादरी आणि टॉवेल ऑनलाइन विकतो. त्याचा या सगळ्यावर एकच शब्द आहे, आरटीओ. तो म्हणजे परिवहन कार्यालय नव्हे. गिऱ्हाइकाने दारात घेतला नाही म्हणून पाठवणाऱ्याकडे परत आलेला माल. पैसे दारात द्यायचे असले की लोक रात्री हौसेने मागवतात आणि चौथ्या दिवशी पोऱ्या दारात आला की म्हणतात, आमच्याकडे कुणी मागवलं नाही. सोलापुरी चादर काही रुमाल नव्हे, वजनावर भाडं लागतं, जाताना आणि परत येताना. आता तो शंभर रुपये आधी घेतो, उरलेले दारात. ऑर्डरी कमी झाल्या, परत येणारे गठ्ठे त्याहून कमी झाले. "शंभर रुपयांत काय येतंय," तो म्हणाला, "पण शंभर दिलेला माणूस फोन उचलतो."

त्याचं ऐकून मी मशीनच्या जाहिरातीत ओळ वाढवली. भाव ठरल्यावर दोनशे रुपये विसार, उरलेले नेताना. मेसेज अकरावरून दोनवर आले. एकाने विचारलं, विश्वास नाही का मॅडम? मी लिहिलं, नाही. लिहून बरं वाटलं.

दुसरा मेसेज विडी घरकुलातल्या एका बाईंचा होता. घरी तेलुगू, बाहेर मराठी, दोन्ही एकाच वेगात. ब्लाउज शिवतात, त्यांची विजेची मशीन बिघडली की दिवस फुकट जातो म्हणून पायाची हवी होती. फोटो मागितले, शटल दाखवायला सांगितलं, फोनवरून पट्ट्याचा आवाज ऐकला. तीन हजारांवर जमलं. मग मी दोनशेचं बोलले.

"पाठवते की, त्यात काय. पन तुमी दुसऱ्याला दिलं तर?"

"तर तुमचे दोनशे लगेच परत करीन."

"ते तर माझेच की ओ," त्या म्हणाल्या. "तुमचं काय?"

मी गप्प. फोन स्पीकरवर होता. शेंगा फोडण्याचा आवाज थांबला होता.

"चारशे," मी म्हटलं.

"हां. मग ठीकाय."

दोनशे आले. गुरुवारी भाऊ छोटा हत्ती घेऊन येणार असं ठरलं. सासूबाई म्हणाल्या, गुलाल टाक. घरात गुलाल नव्हता. मग त्यांनीच देवघरातून कुंकवाची डबी मागवली, उठवत नव्हतं तरी उठल्या आणि मशीनच्या चाकाला एक बोट ओढलं. चाक फिरवलं की ते लाल बोट वर यायचं, खाली जायचं.

बुधवारी संध्याकाळी एक फोन आला. विजापूर वेशीतून बोलतोय, म्हणाले, अशी जुनी मशीन कॅफेत मांडायला हवीय, चार हजार देतो, आत्ता अर्ध्या तासात येतो, पैसे रोख. मी बाल्कनीच्या दाराशी उभी होते. चाक समोर होतं.

"विकली हो," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

"किती म्हणत होता?" आतून आवाज आला.

"चार हजार."

एक शेंग फुटली. "म्हणजे तिचे दोनशे परत करून वर दोनशे देऊनही आठशे सुटत होते की," सासूबाई म्हणाल्या आणि दाणे डब्यात टाकले.